हा ‘झ’ मराठीचा नव्हे

‘तोंडात मराठी बसलीय, म्हणून जर्मन नीट येत नाही.’ माझ्या जर्मनच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात हे कुणी ना कुणी म्हणतंच. पालक तर अपराधी चेहऱ्याने म्हणतात. आता खरंच चीड येते, कारण बहुतेक वेळा दोष मराठीचा नसतोच.

दाताला जर्मनमध्ये ‘त्सान’ म्हणतात. रोमन लिपीत त्याचं पहिलं अक्षर झेड. फळ्यावर ते दिसलं, की मुलं ‘झान’ वाचतात. हा झ शाळेतल्या इंग्रजीने दिलेला. उलट जर्मनला हवा तो ध्वनी मराठी माणूस दिवसभर वापरतो. ‘चार चाकं’ असं सावकाश म्हणून बघा. चारचा च टाळूला जीभ लावून येतो, चाकाचा दातांमागून. हा दुसरा च म्हणजेच जर्मन झेड. देवनागरीत दोन्हींना अक्षर एकच, त्यामुळे आपल्याकडे दोन च आहेत हे अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं!

तिसऱ्या भाषेत दुसरीच आधी डोकावते, हे नोंदलंही गेलं आहे. सारा विल्यम्स यांची मातृभाषा इंग्रजी, जर्मन नंतर शिकलेली. त्या स्वीडिश शिकू लागल्या तेव्हा सुरुवातीला त्यांचे उच्चार जर्मन वळणाचे वाटत. इंग्रजीचा रंग पुढे दिसू लागला. भाषाशास्त्रज्ञ ब्यॉर्न हामारबेर्ग यांनी त्यांच्यासोबत केलेला हा अभ्यास १९९०च्या दशकात प्रसिद्ध झाला.

मातृभाषा कधीच आड येत नाही, असं मात्र नाही. ‘चाक’मधल्या क-ऐवजी न लावायला सांगितलं, तेव्हा एका विद्यार्थिनीला ‘त्सान’ पहिल्या झटक्यात जमलं. ‘त्सेन’ म्हणजे दहा. तिथे ती अडली आणि ‘चेन’ म्हणाली. हा मराठीचा नियम: ‘त्याचा’मधला दातांमागचा च ‘त्याचे’ म्हणताना टाळूकडे सरकतो.

वर्गात इतर शंकाही येतात. तीन भाषांनी मूल गोंधळतं? दोन भाषांतले शब्द मिसळणं म्हणजे गोंधळ नव्हे. मोठेपणी उच्चार सुधारतच नाहीत? सुधारतात, मेहनत जास्त लागते. जर्मन ‘ऊ’वरचे दोन ठिपके आपल्याला अशक्य? ‘ई’ म्हणता म्हणता ओठ ‘ऊ’सारखे गोल करा.

‘त्सेन’चा उपायही शेवटी मराठीतच सापडला. त्या विद्यार्थिनीला ‘चिकित्सेनं’ म्हणायला लावलं, मग ‘चिकि’ गाळायला सांगितलं.