फोनच्या पोटातली मांडणी

बँकेच्या काऊंटरवर उभं राहायचं, मोबाईल हातात धरायचा आणि त्या आकड्यांची वाट बघायची. मैत्रिणींनो, हे आता आपल्या सगळ्यांच्याच अंगवळणी पडलंय. गॅसचं सिलिंडर घ्यायचं, आकडा सांगा. बचत गटाच्या खात्यातून पैसे पाठवायचे, आकडा घाला. मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरायचा, पुन्हा आकडा! तो आला की जीव भांड्यात पडतो. नाही आला की आपल्याकडे दोनच वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘रेंज नाही.’ आणि दुसरं, ‘सर्व्हर डाऊन आहे.’

पण हा सर्व्हर असतो तरी कसा? आपल्यापैकी कितीजणींनी तो बघितलाय? मी आर्ट्सची पदवीधर. तारा, मशिनं, व्होल्टेज म्हटलं की आपलं काम नव्हे, असंच मला वाटायचं. आमच्या मुरगूडमधल्या बचत गटातल्या एका मावशींची लेक पुण्यात टेलिकॉमच्या कामाला लागली आणि तिच्याकडून हे जग थोडंथोडं उलगडत गेलं. ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण या गोष्टीत तारा आणि दिवे आहेत तशा आपण बायकाही आहोत. अगदी पहिल्यापासून आहोत.

आधी होत्या बायकाच!

अमेरिकेत बोस्टनला 1 सप्टेंबर 1878 रोजी एमा नट नावाची बाई टेलिफोन ऑपरेटर म्हणून कामाला लागली. जगातली ती पहिली महिला ऑपरेटर. त्याआधी या कामावर पोरं ठेवली होती, पण ती ग्राहकांशी उद्धट बोलायची. बायकांचा आवाज, धीर आणि लक्ष कामी आलं आणि पुढं सगळीकडं एक्स्चेंजच्या फळ्यासमोर बायकाच बसू लागल्या. आपल्या देशात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली एक्स्चेंज जानेवारी 1882 मध्ये सुरू झाली.

पुढची गंमत ऐका. कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीचं सामान पुरवायचा धंदा करायचा. त्याचे फोन त्याच्याकडे न येता दुसऱ्याच दुकानदाराकडे जातात, असा त्याला संशय आला. त्या दुकानदाराची बायकोच म्हणे एक्स्चेंजवर ऑपरेटर होती! खरंखोटं काही असो, पण त्या रागातून स्ट्रोजरनं आपोआप फोन जोडणारं यंत्र तयार केलं. 1891 साली त्याला पेटंट मिळालं. बाईच्या हातातलं काम यंत्राकडं जायला तिथून सुरुवात झाली.

आपल्याकडं ट्रंक कॉल लावून तासन् तास ताटकळण्याचे दिवस बरेच वर्षं चालले. 1960 साली कानपूर-लखनौ अशी देशातली पहिली एसटीडी सुरू झाली, पण खेड्यापर्यंत ती यायला फार काळ गेला. माझ्या वयाच्या बायकांना पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आठवत असतील. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून मुंबईच्या नातेवाइकांशी बोलायला तेव्हाच रांग लागायची.

त्या बदलामागं एक छोटं एक्स्चेंज होतं. 1984 साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. परदेशी एक्स्चेंजला थंडगार वातानुकूलित खोली लागायची. खेड्यात कुठली आणायची? म्हणून सी-डॉटनं 128 लाइनचं असं एक्स्चेंज बनवलं, की जे उन्हात, धुळीत, साध्या खोलीतही चालेल. यातलं पहिलं 1986 साली बसवलं गेलं ते आपल्यापासून फार लांब नाही. बेळगावच्या पलीकडं, राणी चन्नम्मांच्या कित्तूरला! त्या पेटीत एकेक कार्ड खाचेत सरकवून बसवलेलं असायचं. बिघडलेलं कार्ड ओढून काढायचं, चांगलं घालायचं. दुरुस्ती मागाहून.

मांडणी बघा की!

आजच्या मोठ्या यंत्रांचं मूळ तत्त्व हेच आहे. त्या पोरीला मी विचारलं, “तू करतेस काय नेमकं?” तर म्हणाली, “काकी, तुमच्या स्वयंपाकघरातली मांडणी बघा की. तसंच आहे आमचं.”

लोखंडी मांडणीसारखा एक सांगाडा असतो, त्याला रॅक म्हणतात. त्यात एक मजबूत पेटी बसवलेली असते, ती चासी. आणि त्या पेटीत ताटाळ्यात ताटं उभी लावावीत तसे पातळ, उभे कॉम्प्युटर एकाशेजारी एक लावलेले असतात. पात्यासारखे पातळ, म्हणून त्यांना ब्लेड सर्व्हर म्हणतात. प्रत्येकाला वेगळा पंखा नाही, वेगळी वायर नाही. वीज, वारा आणि बोलाचालीची वाट सगळ्यांना पेटीच पुरवते. एकत्र कुटुंबासारखं! खोल्या वेगळ्या, चूल एक.

टेलिकॉमसाठी अशा पेटीची मापं आणि नियम 2002 च्या अखेरीस ठरवले गेले. एका पेटीत साधारण चौदा ब्लेड बसतात. एका कंपनीची पेटी आणि दुसऱ्या कंपनीचं ब्लेड, असंही चालावं हा त्यामागचा हेतू. आता बरंचसं काम साध्या सर्व्हरवर आणि क्लाउडवर गेलंय, पण कामाची शिस्त तीच राहिली आहे.

अशी यंत्रं मोठ्या शहरातल्या केंद्रात असतात. आपल्या गावातल्या टॉवरखाली कपाटाएवढी पेटी असते, तिच्यातही कार्डंच सरकवलेली असतात. आपला मोबाईल या घडीला कोणत्या टॉवरपाशी आहे, याची नोंद केंद्रातल्या सर्व्हरवर ठेवलेली असते. बँकेचा आकडा आधी ती नोंद बघतो आणि मगच मुरगूडच्या टॉवरकडं धावतो. नोंद ठेवणारं ब्लेड बंद पडलं आणि बदली ब्लेडही तयार नसलं, तर टॉवर चांगला असून, रेंजच्या काड्या भरलेल्या असूनही आकडा येणार नाही.

निळ्या दिव्याचं ऐकायचं

ब्लेड बसवायचं काम बघायला सोपं, पण करायला फार जपून. पहिली गोष्ट म्हणजे मनगटाला पट्टा. त्याची वायर पेटीच्या अर्थिंगला जोडायची. थंडीत नायलॉनची साडी किंवा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? ती अंगावर साठलेली वीज. आपल्याला झटका जाणवतो तो जवळजवळ तीन हजार व्होल्ट झाल्यावर. नाजूक चिप मात्र शंभर व्होल्टच्या आतही जायबंदी होऊ शकते. आपल्याला कळतही नाही आणि कार्ड महिन्याभरानं दगा देतं.

मग खाचेचा नंबर तपासायचा. आतल्या भिंतीवर बारीक पिना असतात, त्यातली एखादी वाकलेली नाही ना, ते बॅटरी मारून बघायचं. ब्लेड दोन्ही हातांनी सरळ धरून रुळावर सरकवायचं. अडलं तर जोर लावायचा नाही. बाहेर काढून पुन्हा बघायचं. पूर्ण आत गेलं की वरचा आणि खालचा खटका बरोबरीनं दाबायचा.

आता गंमत सुरू होते. ब्लेड आत गेलं की एक निळा दिवा लागतो. खटके बंद केले की तो लुकलुकायला लागतो. म्हणजे पेटीचा कारभारी, त्याला शेल्फ मॅनेजर म्हणतात, नव्या ब्लेडची चौकशी करतोय. तू कोण? किती वीज खाणार? या खाचेत तुझं जमेल का? घरात तेवढी वीज शिल्लक आहे का? सगळं पटलं की तो वीज देतो. निळा दिवा विझतो आणि ब्लेड कामाला लागतं.

काढताना याच्या उलट. खटका थोडासा उघडायचा आणि थांबायचं! निळा दिवा लुकलुकतो, कारण ब्लेड आपल्या हातातलं काम आवरत असतं. दिवा स्थिर झाला, की मगच ओढायचं. घाई केली तर आपल्यासारख्या कुणाचा तरी चालू फोन, कुणाची तरी नोंद मध्येच तुटते. ती पोरगी म्हणाली, “काकी, पहिल्या महिन्यात आमच्या साहेबांनी एकच शिकवलं. हात मागं, डोळा दिव्यावर.”

ब्लेड काढून खाच रिकामी राहिली तर तिथं पत्र्याची कोरी पाटी लावायचीच. का? आपल्या उसाला पाणी पाजताना पाट मध्येच फुटला तर शेवटच्या सरीपर्यंत पाणी जातं का? तसंच वाऱ्याचं आहे. रिकाम्या खाचेतून वारा पळून जातो आणि शेजारची ब्लेडं तापतात. हवेच्या जाळ्याही वेळच्या वेळी साफ कराव्या लागतात. गळीत हंगामात कारखान्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर कशी बसते, हे आपल्याला सांगायला नकोच.

जोडीनं राबणारी यंत्रं

या पेटीत महत्त्वाचं सगळं जोडीनं असतं. विजेच्या वाटा दोन, कारभारी दोन. एक काम करतो, दुसरा तयारीत बसतो. टेलिकॉममध्ये जे उद्दिष्ट मानतात त्याला ‘पाच नऊ’ म्हणतात. म्हणजे 99.999 टक्के वेळ सेवा चालू. हिशेब केला तर वर्षभरात जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद! म्हणूनच नवीन सॉफ्टवेअर टाकायचं काम मध्यरात्रीनंतर करतात, तेही आधी अर्ध्या यंत्रांवर. ती नीट चालली की उरलेल्या अर्ध्यांवर.

वीजही वेगळीच. ही यंत्रं बॅटरीवरच्या 48 व्होल्टवर चालतात, आणि त्यात धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. जुन्या काळी जमिनीतल्या तांब्याच्या तारा ओलीनं गंजू नयेत म्हणून ही पद्धत पडली, ती अजून टिकून आहे. लाईट गेली तरी बॅटरी मध्येच असल्यानं यंत्राला पत्ता लागत नाही.

पण बॅटरीलाही मर्यादा असतेच. ऑगस्ट 2019 चा आणि जुलै 2021 चा महापूर आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? लाईट गेलेली, वेदगंगा, पंचगंगा पात्र सोडून रस्त्यावर आलेल्या. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास पुरतात, मग जनरेटर. पण रस्ताच पाण्याखाली असेल तर डिझेल पोहोचायचं कसं? अशा वेळी मोबाईलची बॅटरी जपा, स्क्रीनचा उजेड कमी करा. फोन लागत नसेल तर साधा मेसेज पाठवून बघा. थोड्या रेंजमध्येही तो जाऊ शकतो. आणि 112 हा संकटकाळचा नंबर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा.

रात्रपाळीचा प्रश्न

मध्यरात्रीचं काम म्हटलं की रात्रपाळी आली. आणि पोरीची रात्रपाळी म्हटलं की गल्लीत कुजबुज आली! त्या मावशींच्या घरी हेच झालं. “वायरमनचं काम पोरीचं न्हवं,” असं चुलते म्हणाले. “स्थळं यायची बंद होतील,” असं आत्या म्हणाली. वडील काहीच बोलेनात. एक दिवस पुण्याची एसटी धरली आणि गेले. कंपनीची गाडी पोरीला खोलीच्या दारापर्यंत सोडते का, ते दोन रात्री स्वतः उभं राहून बघितलं. परत आले आणि एवढंच म्हणाले, “करू दे.”

मैत्रिणींनो, हे नुसत्या कंपनीच्या मर्जीवर नाही, कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईच्या संमतीशिवाय तिला रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत कामाला लावता येत नाही. संमती दिली तर तिच्या सुरक्षिततेची आणि घरच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. लेकीला नोकरी लागली की पगाराच्या आधी या दोन गोष्टी विचारा. विचारण्यात कसली लाज?

शिक्षणाचं म्हणाल तर दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. आयटीआयचीही वाट आहे. 2024-25 पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीची पूर्ण माफी दिली आहे. आपल्या अभ्यासक्रमाला ती लागू होते का, हे प्रवेशाच्या आधीच कॉलेजात विचारून घ्यावं.

काम आहे का? आहे! 27 सप्टेंबर 2025 रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचं उद्घाटन झालं, तेव्हा सुमारे 97,500 टॉवरचा आकडा जाहीर झाला. त्या जाळ्याचा गाभा तयार केलाय तो त्याच सी-डॉटनं, ज्यांचं छोटं एक्स्चेंज कित्तूरला बसलं होतं. एवढं सगळं चालू ठेवायला हात लागणारच.

ज्या कामाची सुरुवात बायकांनी केली आणि जे यंत्रानं त्यांच्याकडून काढून घेतलं, त्याच यंत्राची देखभाल करायला आता आपल्या लेकी निघाल्या आहेत. मुरगूडच्या पोरी कुस्तीच्या मॅटवर उतरल्या तेव्हाही नावं ठेवणारी माणसं होतीच. आज त्यांच्याच मिरवणुकीला आपण हळदीकुंकू घेऊन उभ्या राहतो. तेव्हा दहावीतली पोर ‘मला इलेक्ट्रॉनिक्सला जायचंय’ म्हणाली, तर लगेच नाही म्हणू नका. आधी तिचं पुरतं ऐकून घ्या. मग कॉलेज बघा, वसतिगृह बघा, गाडी दारापर्यंत येते का तेही बघा. आणि मगच काय ते ठरवा.