शेळी व्यायली की घरातल्यांनी काय सांभाळावे?

शिमगा उलटला की आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे, घरोघर करडांचा आवाज सुरू होतो. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, साधारण १५० दिवसांचा असतो. पावसाळा संपता संपता फळलेल्या शेळ्या फाल्गुन-चैत्रात वितात. विश्रामबाग म्हणजे आता विलिंग्डन, वालचंद अशा मोठ्या महाविद्यालयांची, बंगल्यांची आणि इमारतींची वसाहत. पण सांगली-मिरज रस्ता सोडून थोडे आत गेले, की शहराच्या कडेच्या वस्त्यांत परसदारी बांधलेल्या दोन-तीन शेळ्या आजही दिसतात. 'गरिबाची गाय' हे नाव शेळीला उगाच मिळालेले नाही. थोड्या पाल्यावर ती जगते आणि घरापुरते दूध देते. अडीअडचणीला बोकड विकून शाळेची फी किंवा दवाखान्याचे बिल भागते. बहुतेक घरांत हा व्यवहार बायकांच्या हाती असतो. म्हणूनच शेळीपासून होणारा आजारही बहुधा आधी त्यांनाच गाठतो.

अशा घरातला चैत्रातला दिवस डोळ्यांसमोर आणा. घरची बाई पहाटे उठून आधी गोठ्यात डोकावते. रात्री एखादी शेळी व्यायली असेल, तर करडाला कोरडे पुसून आईच्या कासेला लावायचे आणि मग चूल पेटवायची. करडे डालीखाली झाकलेली असतात. डाल उचलली की ती अंगणभर उड्या मारत सुटतात. परीक्षेचे दिवस असतात, तरी पोरगे पुस्तकाबरोबर मांडीवर करडू घेऊन बसते. धाकटे तर त्याचा मुका घेते. आजी शेवरीचा, सुबाभळीचा पाला खुडून आणते आणि बाभळीच्या शेंगा वेचते. दुपारी ऊन चढले की माणसे आणि शेळ्या एकाच छपराच्या सावलीला येतात. यात वाईट काहीच नाही. उलट मुलांना जनावरांचा लळा लागतो, ही मोठी जमेची बाजू आहे. आमचे म्हणणे एवढेच, की व्यायच्या वेळी आणि त्यानंतरच्या काही दिवसांत थोडी जास्त काळजी घ्यावी.

काळजी कशाची? शेळी विते तेव्हा जे पाणी, रक्त आणि जार बाहेर पडते, त्यात रोगजंतू असू शकतात. शेळी गाभडली, म्हणजे दिवस भरण्याआधीच मेलेले करडू टाकले, तर ही शक्यता फारच वाढते. आपल्याकडे सर्रास उघड्या हाताने करडू ओढून काढतात, उघड्या हातानेच जार उचलतात आणि उकिरड्यावर फेकतात. तिथून तो कुत्रे ओढून नेते. मग पदराला हात पुसून बाई स्वयंपाकाला लागते. हाताला विळ्याची चीर किंवा भेग असली तर जंतूंना आत शिरायला वाटच मिळते.

या मार्गाने येणारा मुख्य आजार म्हणजे ब्रुसेलोसिस. जनावरांत त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. माणसात तो तापाच्या रूपाने येतो. संसर्ग झाल्यावर बहुधा दोन ते चार आठवड्यांत ताप सुरू होतो, कधी कधी त्याहून बराच उशिरा. ताप चढतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घामाने अंथरूण भिजते. कंबर, गुडघे, खुबे दुखतात. भूक जाते आणि अंगात त्राण राहत नाही. पुरुषांत कधी अंडाला सूज येते. गरोदर स्त्रीला झाला तर गर्भपाताचाही धोका असतो. पण यातले कोणतेच लक्षण असे नाही, की पाहताक्षणी हा आजार ओळखू यावा. त्यामुळे घडते असे, की आधी 'टायफॉईड' म्हणून गोळ्या होतात, मग मलेरियाची तपासणी होते, त्यानंतर कंबरेचा फोटो निघतो. पाच-सहा दिवसांच्या औषधाने ताप थोडा दबतो आणि महिन्याने परत उभा राहतो. तोवर त्या बाईचे हंगामातले रोजगाराचे दिवस गेलेले असतात. शिवाय 'हिला काही झालेले नाही, नुसते निमित्त' असे टोमणेही तिने ऐकलेले असतात.

हे टाळण्याचा सोपा उपाय रुग्णाच्याच हाती आहे. ताप लांबला की डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, 'आमच्याकडे शेळ्या आहेत. गेल्या महिन्यात एक गाभडली, मी हाताने साफ केली.' एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांचे लक्ष योग्य दिशेला वळते. रक्ताची तपासणी करून निदान होऊ शकते आणि आजार पुरता बरा होतो. मात्र औषध साधारण सहा आठवडे चालते, तेही दोन प्रकारची औषधे एकत्र. ताप उतरला म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या सोडल्या, तर आजार उलटतो. मिरजेसारखे वैद्यकीय गाव हाताशी असताना अशा तापाला घरगुती काढ्यांवर महिनोन् महिने काढण्यात अर्थ नाही.

या तापाचा इतिहासही मोठा बोधक आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर इंग्रज सैनिकांना असाच ताप यायचा, म्हणून त्याला 'माल्टा फीवर' म्हणत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली त्याचा जंतू शोधला. जंतू सापडला तरी तो येतो कुठून, हे पुढे अठरा वर्षे कळले नव्हते. १९०५ साली झामित या माल्टाच्याच डॉक्टरला तो तिथल्या शेळ्यांत सापडला. गंमत म्हणजे त्या शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. बेटावर शेळ्या दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर दूध काढून देत, आणि डोळ्यांदेखत काढलेले ताजे दूध म्हणून लोक ते निर्धास्तपणे पीत. पुढच्या वर्षी सैनिकांच्या आहारातून शेळीचे दूध बंद केले आणि त्यांच्यातली तापाची साथ झपाट्याने ओसरली. धारोष्ण दुधाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही हकीकत जरूर ध्यानात घ्यावी. ताजेपणा वेगळा आणि निर्जंतुकपणा वेगळा.

तेव्हा दूध उकळूनच प्यावे. शेळीचे असो, गायीचे असो वा म्हशीचे. दूध वर आले की आच कमी करून, ढवळत आणखी दोन-तीन मिनिटे ठेवावे. फ्रिजमध्ये ठेवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थंड होतात. कच्च्या दुधाला विरजण लावून केलेले दहीही भरवशाचे नाही. वास येतो म्हणून अनेक जण शेळीचे दूध टाळतात. त्याचे एक कारण म्हणजे दुभत्या शेळ्यांतच बोकड बांधलेला असतो. बोकड लांब बांधा, धार काढण्यापूर्वी कास आणि हात धुवा, भांडे झाकून ठेवा. वासात फरक पडतो.

आता दुधाच्या गुणांविषयी. शेळीचे दूध चांगलेच आहे. त्यातले स्निग्धांशाचे कण बारीक असतात, प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. गांधीजींनी १९१८-१९ च्या मोठ्या आजारपणानंतर शेळीचे दूध घेणे सुरू केले आणि तेव्हापासून त्याला प्रतिष्ठाही मिळाली. पण आपल्याकडे या दुधाभोवती दोन समजुती अशा घट्ट बसल्या आहेत, की त्यांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे.

पहिली समजूत तान्ह्या बाळाची. 'आईचे दूध पुरत नाही, शेळीचे द्या, ते आईच्या दुधासारखेच हलके,' असे घरातली वडीलधारी मंडळी मायेने सांगतात. माया खरी, पण सल्ला चुकीचा. शेळीच्या दुधात फोलेट हे रक्त तयार होण्यासाठी लागणारे जीवनसत्त्व अगदी नगण्य असते. लोहही पुरेसे नसते. नुसत्या शेळीच्या दुधावर वाढवलेली बाळे दिसायला कधी गुटगुटीत असतात, पण फिकी पडत जातात. जर्मनीत १९२० च्या दशकात डॉक्टरांनी अशा पंडुरोगाला 'शेळीच्या दुधाचा पंडुरोग' असे नावच देऊन टाकले होते. शिवाय त्यातल्या क्षारांचा आणि प्रथिनांचा भार तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. पाणी घालून पातळ केले, तर पोषण आणखी कमी होते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर आईच्या दुधाबरोबर वरण-भात, नाचणीची पेज, भाज्या असा वरचा आहार हेच बरोबर. दूध खरोखरच कमी पडत असेल, तर बाळंतिणीला डॉक्टरांकडे किंवा आशाताईंकडे न्यावे. बहुतेक वेळा बाळाला अंगावर नीट घेतले जात नाही, हेच कारण निघते. मूल वर्षाचे झाले, चारी ठाव जेवू लागले, की उकळलेले शेळीचे दूध खुशाल द्यावे. आणखी एक गोष्ट. गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला शेळीचे दूध चालते, असेही धरून चालू नये. बहुतेकांना तेही सोसत नाही.

दुसरी समजूत अलीकडची, डेंग्यूची. साथ आली की शेळीच्या दुधाचा भाव गगनाला भिडतो. एरवी गिऱ्हाईक नसलेल्या दुधासाठी लोक भल्या सकाळी वस्त्यांवर जाऊन उभे राहतात. ते प्यायल्याने प्लेटलेट वाढतात, असा ठोस पुरावा नाही. ताप उतरल्यावर काही दिवसांत प्लेटलेट आपोआप वाढू लागतात आणि श्रेय दुधाला मिळते. शेळीवाल्या बाईला चार पैसे मिळाले तर आम्हाला वाईट वाटायचे कारण नाही. पण 'उकळले तर गुण जातो' म्हणून कच्चे दूध रुग्णाला पाजतात, ते मात्र धोक्याचे आहे. डेंग्यूत पाणी, पेज, सरबत भरपूर द्यावे आणि पोटात दुखणे, सारख्या उलट्या किंवा रक्तस्राव दिसला की तडक दवाखाना गाठावा.

पुन्हा गोठ्याकडे वळू. शेळी विताना हात घालावा लागलाच, तर रबरी हातमोजे घालावेत. नसतील तर हाताला प्लास्टिकच्या स्वच्छ पिशव्या बांधाव्यात. तोंडाला फडके बांधावे. काम झाल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत आणि लुगडे बदलून मगच चुलीपाशी जावे. जार आणि मेलेले करडू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. घरात गरोदर सून किंवा माहेरपणाला आलेली लेक असेल, तर तिला या कामापासून कटाक्षाने दूर ठेवावे. करडाची नाळ स्वच्छ पात्याने कापून तिला टिंक्चर आयोडीन लावावे आणि पहिल्या तासाभरात त्याला चीक पाजावा. काही घरांत जार पडेपर्यंत करडाला पिऊ देत नाहीत. ही रीत सोडलेलीच बरी. चिकातूनच करडाला रोगाशी लढण्याची ताकद मिळते, आणि करडू पिऊ लागले की जार पडायलाही मदत होते. एकामागून एक शेळ्या गाभडू लागल्या, तर 'नजर लागली' म्हणत बसू नये. १९६२ या क्रमांकावर फोन केला की पशुवैद्यकीय मदत मिळते.

करडांच्या तोंडावर खपल्या धरणारा 'मावा' होतो. तो हाताळणाऱ्याच्या बोटांवरही उठतो. दिसायला भयंकर, पण काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. करडाचा मुका घेणाऱ्या पोरांना तेवढे दिवस आवरावे.

तिकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनसारख्या दुधाच्या राज्यातही लहान लहान शेळीपालक कुटुंबे आहेत. तिथे शेळ्या बहुतांशी वसंतातच वितात आणि मार्च-एप्रिलच्या थंडीत गारठलेले करडू लोक स्वयंपाकघरात उबेला आणून ठेवतात. आपल्याकडे गारठ्याऐवजी उन्हाची चिंता, एवढाच फरक. हात धुवा, दूध तापवा, गरोदर बाईला दूर ठेवा, हे तिथले डॉक्टरही सांगतात.

चैत्र म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि जत्रा म्हणजे बोकड. तो कापल्यावर काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या, तर तो तुकडा बाजूला काढून बहुधा दारच्या कुत्र्याला टाकतात. नेमके तेच करू नये. त्या गाठींत एका जंताची पिल्ले असतात. ती कुत्र्याच्या पोटात वाढतात आणि त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. कुत्र्याच्या केसांवरून, भाजीवरून किंवा मातीतून ती माणसाच्या पोटात गेली, तर माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात आणि त्या कित्येक वर्षे कळतही नाहीत. मग एखाद्या दिवशी पोटाच्या सोनोग्राफीत दिसतात आणि ऑपरेशनपर्यंत पाळी येते. असा तुकडा जाळावा किंवा खोल पुरावा. राखणीच्या कुत्र्याला जंताचे कोणते औषध किती दिवसांनी द्यायचे, ते जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्यावे. तिथे गेलातच, तर त्याला रेबीजची लसही टोचून आणावी.