जीपगाडीचीं चाकें : पोलादी कीं ॲल्युमिनियमचीं ?

पुसद तालुक्यांत ज्यांच्या जमिनी गांवापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशीं आहेत, अशा कित्येक शेतकऱ्यांनीं अलीकडे चारही चाकांस इंजिनाची ओढ असलेली जीपगाडी घेतली आहे. खताचीं पोतीं, फवारणीचा पंप व मजूर वावरांत नेणें आणि वेचलेला कापूस घरीं आणणें हीं तिचीं नेहमींचीं कामें होत. अशी गाडी घेतांना चाकें साधीं पोलादी घ्यावीं कीं बाजारांत ज्यांस 'अलॉय' म्हणतात तीं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं घ्यावीं, हा प्रश्न हटकून येतो. पुष्कळांचा कल दुसरीकडे असतो. चाक चकचकीत दिसतें आणि गाडीस शोभा येते. शोभेशीं आमचें वैर नाहीं. परंतु ज्याची गाडी रोज पांधणीनें जाते, त्यानें हा प्रश्न निराळ्या दृष्टीनें पाहावा.

पांधणीचे शत्रू दोन : काळी चिकण माती आणि तींत दडलेला दगड. पावसाळ्यांत तो दगड दिसत नाहीं. चाकास दणका बसला म्हणजेच त्याची ओळख पटते. अशा दणक्याखालीं दोन्ही धातू सारखे वागत नाहींत. पोलादी चाक जाड पत्रा दाबून व सांधून केलेलें असतें, तें वांकतें. ॲल्युमिनियमचें चाक बहुधा ओतीव असतें. तें बराच मार सोसतें, पण मर्यादा ओलांडली कीं त्यास तडा जातो. वांकलेल्या चाकावर हळूहळू घर गांठतां येतें; तडकलेल्या चाकांत हवा राहत नाहीं.

हें आम्ही नुसत्या ऐकीव माहितीवरून लिहीत नाहीं. एका श्रावणांत आमच्याच गाडीचें पुढचें ओतीव चाक नाल्याच्या उतारावर तडकलें. हीं चाकें आम्ही हौसेनें मागाहून बसविलीं होतीं. जादा चाक मात्र मूळचें पोलादीच होतें. तें लावूं गेलों तों नट नीट बसेनात, कारण नव्या चाकांच्या नटांची बैठक निराळी होती आणि मूळचे नट घरीं डब्यांत पडले होते. गाडींत फवारणी करतां करतां चक्कर येऊन पडलेला गडी होता. शेजारच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीनें त्यास डांबरी सडकेपर्यंत न्यावें लागलें. तो वांचला. पण २०१७ सालच्या हंगामांत फवारणीच्या विषबाधेनें आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत शेतकरी व मजूर दगावले, तें ज्यांनीं पाहिलें, त्यांस त्या एका तासाचें मोल सांगावयास नको.

ॲल्युमिनियमच्या बाजूनेंही बोललें पाहिजे. हा धातू पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश वजनाचा आहे. चाक हलकें असलें म्हणजे तें खांचखळग्यांतून लवकर वरखालीं होतें व कमानींस आणि ब्रेकांस काम कमी पडतें. मात्र हा धातू पोलादाइतका बळकट नसल्यामुळें चाक जाड ओतावें लागतें, आणि तितका लाभ हातीं उरत नाहीं. मोठ्या आकाराचें ॲल्युमिनियमचें चाक कधीं कधीं लहान पोलादी चाकाइतकेंच भरतें. घडीव चाकें ओतिवापेक्षां पुष्कळ चिवट असतात, पण तीं महाग पडतात.

आमच्या मतें धातूइतकाच, किंबहुना अधिक, विचार चाकाच्या व्यासाचा करावा. उदाहरण म्हणून २०२० सालीं निघालेली महिंद्राची थार घ्या. तिच्या साध्या प्रकारास १६ इंची पोलादी चाक व २४५/७५ चा टायर होता. भारी प्रकारास १८ इंची मिश्रधातूचें चाक व २५५/६५ चा टायर. यांतील दुसरा आंकडा म्हणजे टायरच्या रुंदीशीं त्याच्या बाजूच्या उंचीचें शेंकडा प्रमाण. हिशेब केला तर पहिल्यांत रिम व जमीन यांमध्यें सुमारें १८४ मिलिमीटर रबर येतें, दुसऱ्यांत सुमारें १६६. हा पाऊण इंचाचा फरक दगडावर कळतो. चिखलांत पकड यावी म्हणून टायरांतील हवा कमी केली असतां तर फारच कळतो.

महिंद्रांनीं मुंबईस विलीस जीप जोडण्यास सुरुवात केली. ती जीपही १६ इंची पोलादी चाकांचीच. १९४८ सालीं इंग्लंडांत लँडरोव्हर निघाली, तेव्हां तेथें युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचा सांगाडा झांकणारा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. चाकें मात्र पोलादाचींच ठेविलीं.

दुरुस्तीच्या बाबतींत सांगावयाचें तें असें. पोलादी चाकाची वांकलेली कड टायरवाला हातोड्यानें सरळ करून देतो. परंतु नटांच्या भोकांशीं किंवा सांध्यावर चीर दिसली तर तें चाक मोडींत घालावें. ॲल्युमिनियमचें तडकलेलें चाक तापवून व झाळून देणारे कारागीर आहेत. तें काम आम्ही करवून घेणार नाहीं, कारण भट्टींत पाणी देऊन आणलेलें त्या धातूचें बळ ज्योतीनें जातें. पोलादास गंज चढतो. ट्यूब नसलेला टायर असल्यास गंजलेल्या कडेंतून हवा झिरपते. उन्हाळ्यांत टायर उतरवून कड तारेच्या ब्रशानें घांसावी व तीस रंग द्यावा. चाक कोणतेंही असो, आंतल्या बाजूस वाळलेला चिखल सडकेस लागण्यापूर्वीं धुवून काढावा, नाहीं तर वेगांत सुकाणूचक्र थरथरतें.

ज्यांची गाडी बहुतेक पुसद-नागपूर अशा डांबरी सडकेवरच धांवते, त्यांनीं खुशाल ॲल्युमिनियम घ्यावें. पांधणीच्या धन्यानें १६ इंची पोलादी चाकें व उंच बाजूचे टायर घ्यावे. ॲल्युमिनियमचीं चाकें आधींच बसविलीं असल्यास जादा चाकही त्याच जातीचें करावें, किंवा पोलादी चाकाच्या नटांचा संच पान्याच्या पिशवींत कायमचा ठेवावा. नवें चाक लावल्यावर ८०-१०० किलोमीटर गाडी चालली कीं नट पुन्हां एकदां आवळून पाहावे.