संदर्भसेवा : प्रश्नापासून ग्रंथापर्यंत

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रवेश केल्यावर पहिली गर्दी दिसते ती ग्रंथ देवघेव विभागापाशी. पुस्तके परत करणारे, नवी घेणारे, विलंबशुल्क भरणारे असे अनेक विद्यार्थी तेथे रांगेत उभे असतात. त्याच दालनात, थोडे आतल्या बाजूला, आणखी एक टेबल असते. त्याच्या मागील कपाटांत जाडजूड कोश असतात आणि टेबलावर ‘संदर्भ विभाग’ अशी पाटी असते. या टेबलापाशी मात्र रांग क्वचितच दिसते. कित्येक विद्यार्थी तीन वर्षे त्याच्या समोरून ये-जा करतात. पण तेथे बसलेल्या व्यक्तीला एकही प्रश्न न विचारता पदवी घेऊन बाहेर पडतात.

याचे कारण बहुधा आळस नसतो, संकोच असतो. आपला प्रश्न फारच साधा ठरेल, आपले अज्ञान उघडे पडेल, अशी भीती त्यामागे असते. ज्यांच्या घरातून महाविद्यालयात येणारी ती पहिलीच पिढी असते, त्यांना ही भीती अधिक जाणवते. परीक्षेत उत्तर देण्याची सवय सर्वांना लागलेली असते. प्रश्न विचारण्याची सवय मात्र फार थोड्यांना असते. संदर्भ विभागाचे खरे महत्त्व येथेच आहे. ज्याला काय विचारावे हे नेमके कळत नाही, त्याच्यासाठीच हा विभाग निर्माण झाला आहे.

वाचकाला हवी असलेली माहिती किंवा ती माहिती देणारे साहित्य शोधून काढण्यासाठी ग्रंथालयातील कर्मचाऱ्याने केलेले व्यक्तिगत साहाय्य म्हणजे संदर्भसेवा होय. या व्याख्येतील ‘व्यक्तिगत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ग्रंथांची मांडणी, तालिका आणि सूची सर्वांसाठी सारख्याच असतात. संदर्भसेवा मात्र समोर उभ्या असलेल्या एका वाचकाच्या एका गरजेपुरती असते.

ही कल्पना फार जुनी नाही. पूर्वी ग्रंथांचे रक्षण करणे हेच ग्रंथपालाचे मुख्य काम समजले जाई. १८७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ग्रंथपालांची परिषद भरली. त्याच वर्षी वूस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी, ग्रंथपालाने वाचकांत मिसळावे, त्यांच्या गरजा जाणून घ्याव्यात आणि त्यांना आपुलकीने साहाय्य करावे, असा विचार मांडला. भारतात या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी. ते मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांना हे एकाकी काम मुळीच रुचले नव्हते. पुन्हा अध्यापनाकडे वळावे, असेच त्यांच्या मनात होते. परंतु इंग्लंडमध्ये शिक्षण घेत असताना तेथील ग्रंथालये समाजाच्या किती उपयोगी पडतात हे त्यांनी पाहिले आणि त्यांचे मत पालटले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त प्रसिद्ध केले. ग्रंथ वापरले जावेत, वाचक आणि ग्रंथ यांची योग्य गाठ पडावी, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्या सिद्धान्तांचा गाभा आहे. संदर्भसेवा म्हणजे याच विचाराचे प्रत्यक्ष आचरण होय.

ही सेवा प्रत्यक्षात कशी घडते, हे एका उदाहरणावरून समजून घेता येईल. समजा, मराठवाड्यातील एका महाविद्यालयातील विद्यार्थिनी संदर्भ विभागात येते आणि हळू आवाजात विचारते, “मॅडम, दुष्काळावर एखादं पुस्तक आहे का?”

या प्रश्नाचे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येईल. पण त्याने तिचे काम होणार नाही. म्हणून ग्रंथपाल तिला बसायला सांगतात आणि विचारतात, “पुस्तक कशासाठी हवंय तुला?”

“प्रकल्प लिहायचा आहे. अर्थशास्त्राचा.”

“दुष्काळातली कोणती गोष्ट तुला लिहायची आहे? पाऊस का पडला नाही ते, की लोक कसे जगले ते?”

विद्यार्थिनी क्षणभर थांबते आणि मग सांगते, “माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची असं ती सांगते. ती कामं सरकारनं का काढली होती, ते मला लिहायचं आहे.”

आता खरा प्रश्न समोर आला. तो केवळ दुष्काळाचा नव्हता, तर महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेच्या उगमाचा होता. वाचकाने प्रथम उच्चारलेला प्रश्न आणि त्याची खरी गरज यांत असे अंतर पुष्कळदा असते. आपला प्रश्न मोठा आणि मोघम केला म्हणजे ग्रंथालयात पुस्तक मिळेल, असे वाचकाला वाटते. हे अंतर दूर करण्यासाठी ग्रंथपाल जो संवाद साधतात त्याला ‘संदर्भ मुलाखत’ म्हणतात. विषयाचा कोणता भाग हवा आहे, माहिती कशासाठी आणि किती हवी आहे, केव्हापर्यंत हवी आहे आणि यापूर्वी काय पाहिले आहे, हे या संवादातून स्पष्ट होते. त्यात उलटतपासणीचा सूर मात्र असता कामा नये. वरील विद्यार्थिनीला पहिल्याच वाक्यावर तुटक उत्तर मिळाले असते, तर आजीची गोष्ट तिने सांगितलीच नसती.

प्रश्न स्पष्ट झाल्यावर शोधाला प्रारंभ होतो. येथे वर्गीकरणाचे ज्ञान उपयोगी पडते. अनेक महाविद्यालयांत मेल्विल ड्युई यांची दशांश वर्गीकरण पद्धती वापरतात. तिच्यात प्रत्येक विषयाला क्रमांक दिलेला असतो. पावसाचा आणि हवामानाचा विचार करणारे पुस्तक ५५१ या क्रमांकाखाली येते. आपत्तीकडे सामाजिक समस्या म्हणून पाहणारे पुस्तक ३६३ मध्ये, मजुरी व रोजगार यांवरील पुस्तक ३३१ मध्ये आणि भारताच्या इतिहासाचे पुस्तक ९५४ मध्ये असते. दुष्काळाचे चित्रण करणारी मराठी कादंबरी तर ८९१.४६ या क्रमांकाच्या कपाटात सापडते. म्हणजे एकाच दुष्काळावरील पुस्तके पाच निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली असतात. एकाच कपाटापुढे उभे राहून ‘येथे काही नाही’ असे म्हणत परतणाऱ्या वाचकाला हे ठाऊक नसते.

यानंतर ग्रंथपाल साधनांचा क्रम ठरवतात. प्रथम विषयाची रूपरेषा देणारा कोश, त्यानंतर सविस्तर ग्रंथ आणि शेवटी मूळ कागदपत्रे, असा हा क्रम असतो. मराठी वाचकाचे भाग्य असे की, त्याच्या भाषेत कोशवाङ्मयाची परंपरा समृद्ध आहे. डॉ. श्री. व्यं. केतकर यांचा तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’, पं. महादेवशास्त्री जोशी यांनी संपादिलेला ‘भारतीय संस्कृतिकोश’ आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आरंभलेला ‘मराठी विश्वकोश’ ही त्यांतील काही ठळक नावे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. आज तो संगणकावरही विनामूल्य वाचता येतो. जुने मराठी पुस्तक शोधणाऱ्यास शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उपयोगी पडते. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद तिच्या पहिल्या भागात आहे.

त्या विद्यार्थिनीला ग्रंथपाल प्रथम विश्वकोशातील संबंधित नोंदी दाखवतात. मग तिच्या जिल्ह्याची दर्शनिका आणि १९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढून देतात. दुष्काळापूर्वी तिच्या तालुक्यात किती गावे होती आणि किती लोक शेतमजुरीवर जगत होते, हे तिला त्यांतून कळते. त्यानंतर महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ याचा मूळ मजकूर तिच्यासमोर येतो. या योजनेमागे वि. स. पागे यांची दृष्टी होती, हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव विचारात घेतला गेला, ही साखळी तिच्या ध्यानात येते. आजीने सांगितलेली गोष्ट ही एका घराची गोष्ट राहत नाही. ती राज्याच्या इतिहासाचा भाग होते.

सर्वच प्रश्नांना एवढा वेळ लागत नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ, एखाद्या व्यक्तीचे जन्मवर्ष, एखाद्या शहराची लोकसंख्या अशा प्रश्नांची उत्तरे कोश किंवा वार्षिकी उघडताच मिळतात. हिला तत्काळ संदर्भसेवा म्हणतात. ज्या प्रश्नांसाठी अनेक साधने धुंडाळावी लागतात आणि प्रसंगी दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवावे लागते, त्यांची सेवा दीर्घकाळ चालते. दोन्ही प्रकारांत वाचकाविषयीचा आदर मात्र सारखाच असावा लागतो.

संदर्भसेवेला काही मर्यादाही आहेत. ग्रंथपाल विद्यार्थ्याचा निबंध लिहून देत नाहीत किंवा त्याच्या वतीने निष्कर्ष काढत नाहीत. कायदा किंवा आरोग्य यांविषयीचे ग्रंथ ते दाखवतात; पण वकिलाचा किंवा डॉक्टरांचा सल्ला देत नाहीत. वाचकाने काय विचारले, याची चर्चा ते इतरांपाशी करत नाहीत. आपल्याला उत्तर ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगणे आणि ते कोठे मिळेल हे शोधणे, हाही या व्यवसायाचा धर्म आहे. शक्य असेल तेथे ते केवळ उत्तर देत नाहीत, तर उत्तराकडे जाणारी वाट दाखवतात. ती वाट एकदा कळली की पुढच्या वेळी विद्यार्थी स्वतः चालू शकतो.

आज संगणकावर एक शब्द टाकताच हजारो दुवे समोर येतात. विचारलेल्या प्रश्नाचे सलग उत्तर लिहून देणारी साधनेही उपलब्ध झाली आहेत. मग संदर्भ विभागाची गरज काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. परंतु माहितीचा तुटवडा संपला म्हणजे विश्वासार्हतेचा प्रश्न संपला, असे नाही. ही माहिती कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कशाच्या आधारे लिहिली, हे तीन प्रश्न छापील पानाला जसे विचारावे लागतात, तसेच पडद्यावरील मजकुरालाही विचारावे लागतात. चांगले आंतरजाल-स्रोत ओळखण्यासही ग्रंथपालाचे साहाय्य होते. विद्यापीठांतील पीएच. डी. चे प्रबंध ठेवणारी ‘शोधगंगा’ किंवा ‘भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय’ यांची ओळख अनेक विद्यार्थ्यांना प्रथम संदर्भ विभागातच होते.

शिक्षणात खंड पडल्यानंतर पुन्हा अभ्यासाकडे वळणाऱ्यांना ही सेवा विशेष मोलाची आहे. नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून शिकणाऱ्याच्या हाताशी रोज शिक्षक नसतात आणि वेळही थोडा असतो. अशा वाचकाने जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात जावे, आपला विषय, त्याचा हेतू आणि हाती असलेला वेळ साध्या शब्दांत सांगावा. प्रश्न कसा मांडावा हे सुचत नसेल तर तेही सांगावे. कारण प्रश्नाला आकार देणे हा संदर्भसेवेचाच भाग आहे. कपाटांतील ग्रंथ कोणाची वाट अडवत नाहीत. अडवतो तो मनातील संकोच. तो बाजूला सारून विचारलेला पहिला प्रश्न हीच अभ्यासाची खरी सुरुवात असते.