दार दुसऱ्या लाथेला तुटलं पाहिजे

सकाळी साडेसहा. गोरेगावच्या चित्रनगरीत शिफ्ट सातची. आर्टवाल्यांनी त्याआधी हजर असायचं. काल रात्री आमच्या पोलीस ठाण्याचं हॉस्पिटल केलं होतं, त्याचं परत ठाणं करायचं. हिरवे पडदे निघाले, वायरलेस, बेड्या, फायलींचे गठ्ठे आले. ‘फरारी’ फलकावरच्या फोटोंत एक आमचा लाइटदादा आहे, एक मी. ठाण्याचं नाव मात्र नकाशात कुठेच नसलेलं हवं.

आठ. पोहे, चहा. ड्रेसदादा खाकीला इस्त्री मारतोय. वर्दी घालून सेटबाहेर वडापाव आणायला जायचं नाही, हे नव्या पोरांना रोज बजावावं लागतं.

नऊ. आज दार आहे. खरं दार लाथेनं तुटत नाही, पाय तुटतो. म्हणून पल्ला हलक्या प्लायचा. कोयंड्यामागची चौकट करवतीनं अर्धी कापायची, वर लांबी भरायची, सागाचा रंग मारायचा. बिजागरीला लांब स्क्रूऐवजी आखूड खिळे. सगळी गोम त्या कापण्यात. जास्त कापलं तर हीरोनं हात लावताच दार आडवं, कमी कापलं तर हीरो आडवा. दिग्दर्शकाला पहिल्या लाथेला नुसता हादरा हवा आणि दुसरीला धडाम. शेजारी एक जादाचं दार रंगवून उभं असतं, कारण रिटेक कुणाला सांगून येत नाही.

ही हौस सगळ्यांना ‘सीआयडी’नं लावली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेत दार म्हटलं की दया, म्हणजे थाळीफेकीतून अभिनयात आलेले दयानंद शेट्टी. दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि अभिनेते शिवाजी साटम ही जोडी मात्र ‘सीआयडी’च्याही आधीची, दूरदर्शनवरच्या मराठी ‘एक शून्य शून्य’पासूनची. २००४ मध्ये सिंग यांनी ‘सीआयडी’चा १११ मिनिटांचा एक भाग एका टेकमध्ये, मध्ये कुठेही न कापता घेतला. लोक त्यात कॅमेऱ्याची कमाल बघतात. मला घाम फुटतो तो आर्टवाल्यांच्या काळजीनं: जादाचं दार लावायला सवडच नाही!

बारा वाजता टेक. तुटलं. दुसऱ्याच लाथेला.

एक. जेवण.

दोन ते सहा प्रेत. प्रेताचं काम वाटतं तितकं सोपं नाही; संवाद लांबला की पोट हलतं, मग कॅमेरा तोंडावर आणावा लागतो. रक्त म्हणजे ग्लुकोजचं सिरप आणि खायचा रंग. दिव्यांच्या उष्णतेनं ते काळवंडतं, शिवाय गोड असल्यानं प्रेताला मुंग्या लागतात. आजचं प्रेत दोनदा उठून बसलं. डागाची जागा हलू नये म्हणून दर शॉटनंतर मोबाईलवर फोटो.

सात. पॅकअपची हाक. कॉलशीटमध्ये उद्या बाथरूमचं दार आहे, काचेचं. बाजारातली काच चालत नाही, फुटल्यावर न कापणारी लागते. सुताराला थांबायला सांगितलंय.