मोगरावर्गीय झुडपांची छाटणी

भरगच्च मोगऱ्यावर कात्री चालविण्यास बागवानाचा हात सहसा धजत नाही. परंतु मोगऱ्याची कळी येते ती नव्या फुटीवर. शेंडा शाबूत असेतो तेथून उतरणारे ऑक्सिन खालचे डोळे निद्रिस्त ठेवते. तो छाटताच एका फांदीच्या जागी अनेक फुटतात. प्रथम पाणी तोडून ताण द्यावा, मग जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटरवर छाटावे. नुसते शेंडे खुडणे पुरेसे नव्हे. तमिळनाडूत मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरअखेर व जुई जानेवारीअखेर छाटण्याचा प्रघात आहे. जॅस्मिनम मेस्नी ही पिवळ्या फुलांची जाती मात्र गतवर्षीच्या फांदीवर फुलते. हिवाळ्यात ती छाटल्यास त्या वर्षीचा बहरच हातचा जातो. तिची छाटणी फुले ओसरल्यावर करावी.