तीन खडे, एक धारा

मोतिया आणि सोफिया या रोशा गवताच्या दोन प्रकारांचा निकाल या आठवड्यात लावायचा होता. तो पुढे ढकलावा लागतो आहे, कारण सांगलीच्या एका वाचक आजींचे पत्र आले आहे आणि ते थांबवून ठेवण्यासारखे नाही. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर सारख्या वजनाने बाटलीत घालून बूच लावायचे, थोडे हलवायचे, की अमृतधारा तयार होते, हे त्यांना सासूबाईंनी शिकवले. पाण्याचा थेंब नाही, चुलीची आंच नाही, तरी तीन कोरड्या खड्यांचे पाणी होते कसे, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि या वर्षी बाटलीच्या तळाशी खडे तसेच का राहिले, हा दुसरा.

बाष्पनशील तेलांचे घटक आणि त्यांचे गुण यांची सांगड कशी बसते, हे दाखवायला या बाटलीइतके सोपे साधन दुसरे सापडणार नाही.

ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल. पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल. कापूर तर सगळ्यांच्या ओळखीचाच. थायमॉल सुमारे ५० अंश सेल्सिअसला वितळते, मेंथॉल ४२ अंशांच्या आसपास आणि कापराला तर १७५ अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणजे तिशीच्या तापमानातल्या सांगलीच्या स्वयंपाकघरात यांतला एकही पदार्थ स्वतःहून पातळ व्हायला नको. तरीही तिघे एकत्र आले की पाच-दहा मिनिटांत स्वच्छ द्रव होतो.

हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर खडे मीठ टाकतात, तेव्हा बर्फ शून्याच्या खाली असतानाही वितळू लागतो. बाटलीत घडते ते त्याच घराण्यातले. एकाच प्रकारचे रेणू स्फटिकात शिस्तीने रचले जातात. त्यांत परके रेणू मिसळले की ती रचना टिकवणे अवघड होते आणि द्रवणबिंदू खाली येतो. दोन किंवा तीन पदार्थांच्या एका ठरावीक प्रमाणाला हा बिंदू सर्वांत खाली असतो. अशा मिश्रणाला युटेक्टिक म्हणतात. औषधनिर्माणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कापूर, मेंथॉल आणि थायमॉल ही नावे या शब्दाच्या शेजारीच छापलेली असतात, कारण पुडीत एकत्र बांधली तर पुडी ओली होते हे औषध घोटणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

पण एवढ्याने सगळा उलगडा होत नाही. थायमॉल आणि मेंथॉल यांचे मिश्रण केवळ परके रेणू मिसळल्यामुळे जितके खाली यायला हवे, त्याहून पुष्कळच खाली येते. दोन्ही रेणूंवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे. लवंगेच्या युजेनॉलच्या वेळी फिनॉल आणि साधे अल्कोहोल यांतला फरक येऊन गेला आहे, तोच इथे उपयोगी पडतो. थायमॉल हे फिनॉल आहे. त्याची ही जोडी बेंझीनच्या कड्याला चिकटलेली असल्याने तिच्यातला हायड्रोजन सैल असतो आणि दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. मेंथॉलचा ऑक्सिजन तो आनंदाने धरतो. त्यामुळे थायमॉल-थायमॉल किंवा मेंथॉल-मेंथॉल यांच्यापेक्षा थायमॉल-मेंथॉल हा हायड्रोजन बंध बळकट ठरतो. एकेकट्या स्फटिकात राहण्यापेक्षा द्रवात एकमेकांजवळ राहणे दोघांना सोयीचे पडते. २०१९ साली पोर्तुगालमधल्या आवेरो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे नीट मोजून मांडले आणि अशा मिश्रणांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला. कापराकडे देण्यासारखा हायड्रोजन नाही, पण त्याचा ऑक्सिजन घ्यायला तयार असतो, म्हणून तोही या मेळ्यात सामील होतो.

तळाशी उरलेल्या खड्यांचे कारण दोनपैकी एक असणार. एखादा घटक, बहुधा कापूर, प्रमाणाबाहेर पडला असेल. मिश्रणात मावतो त्याहून जास्तीचा भाग घनच राहतो. किंवा कापूरच दुसरा असेल. खरा भीमसेनी कापूर हा सुमात्रा-बोर्निओच्या जंगलांतल्या एका उंच वृक्षाच्या खोडात साठणारा बोर्निऑल आहे. तो कापराचा जवळचा नातलग, पण पदार्थ वेगळा, आणि तो २०० अंशांच्या पुढे वितळतो. बाजारात त्या नावाने मिळणारे खडे बरेचदा साध्या कापराचेच असतात. म्हणून आधी वजनकाटा तपासावा, मग दुकानदाराला विचारावे.

ओव्याच्या फुलाचा इतिहास या निमित्ताने सांगायलाच हवा, कारण त्यात पुणे आहे.

युरोपात थायमॉल प्रथम वेगळे केले ते बर्लिनच्या कास्पार नॉयमान यांनी, १७१९ साली, थाइम नावाच्या झुडपाच्या तेलातून. त्याचे रासायनिक सूत्र १८५३ मध्ये लालमाँ यांनी ठरवले. दख्खनमध्ये मात्र हा पदार्थ दुकानात मिळत होता. ओव्याचे ऊर्ध्वपातन केले की पाण्यावर तेल तरंगते आणि गार झाल्यावर त्यावर स्फटिक धरतात. फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांनी १८७४ साली लंडनहून काढलेल्या ‘फार्माकोग्राफिया’ या ग्रंथात नोंद आहे की हे स्फटिक पुण्याच्या आणि दख्खनमधल्या इतर ठिकाणच्या दुकानांत ‘अजवाइन का फूल’ या नावाने विकले जातात. ते थाइममधले थायमॉलच आहेत हे स्टेनहाउस आणि हेन्स या रसायनतज्ज्ञांनी दाखवून दिले होते. दोन वेगळ्या कुळांतल्या, दोन वेगळ्या खंडांतल्या वनस्पती एकच रेणू घडवतात, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी तिचे नवल ओसरत नाही.

ओव्याच्या दाण्यात बाष्पनशील तेल साधारण दोन ते चार टक्के असते. त्यातले निम्म्याच्या आसपास थायमॉल, उरलेल्यात मुख्यतः गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन. कारखान्यात हे तेल कॉस्टिक सोड्याच्या पाण्याबरोबर घुसळतात. फिनॉल असल्यामुळे थायमॉल त्या पाण्यात उतरते, बाकीचे घटक वर तरंगत राहतात. मग आम्ल घातले की थायमॉल पुन्हा सुटे होते. द्रवणाच्या वेळी जो सैल हायड्रोजन कामी आला, तोच इथेही कामी येतो.

आणि जंतूंशी लढतानाही तोच. पेशीभोवतीचे पातळ पटल स्निग्ध असते. थायमॉल त्यात सहज शिरते आणि तिथली रचना ढिली करते. आतले आयन बाहेर झिरपतात, पेशीची ऊर्जा घडवण्याची व्यवस्था कोलमडते. पॅरा-सायमीनचा सांगाडा थायमॉलसारखाच आहे, फक्त ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी नाही, आणि त्याची जंतुनाशक शक्ती अगदीच मंद आहे. रचनेतल्या एका जोडीने किती फरक पडतो याचा याहून स्पष्ट पुरावा मागू नये. ही जोडी कड्यावर शेजारच्या जागी सरकवली की कार्व्हाक्रॉल मिळते. अंगणात कुंडीत लावतात तो जाड, लवदार पानांचा पानओवा, ज्याची भजी करतात, त्याच्या तेलात बरेचदा कार्व्हाक्रॉल भरपूर असते. पानओवा हा ओव्याच्या दाण्यांचा पाला नव्हे. तो तुळशीच्या कुळातला आणि ओवा जिऱ्या-धन्याच्या. वास सारखा येतो तो या जुळ्या रेणूंमुळे.

थायमॉलने माणसाच्या पोटातल्या शत्रूशीही एक मोठी लढाई दिली आहे. आल्प्सखालून सेंट गॉटहार्डचा बोगदा खणणारे मजूर पांढरेफटक पडून मरू लागले, तेव्हा त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी सापडले. १८८० च्या सुमारास तुरिनच्या कामिल्लो बोत्सोलो यांनी त्यावर थायमॉल वापरले. १९०९ पासून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉकफेलर आयोगाने हीच उपाययोजना घरोघर नेली. प्रौढाला साठ ग्रेन, म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम थायमॉल, पाठोपाठ जुलाब. त्या दिवशी तेल, तूप आणि दारू यांना सक्त मनाई असे. थायमॉल स्निग्ध पदार्थात आणि मद्यात विरघळते, विरघळले की रक्तात उतरते आणि मग कृमीऐवजी रोग्यालाच बाधते. हे औषध बनत होते मुख्यतः जर्मनीत, भारतातून जाणाऱ्या ओव्यापासून. १९१४ च्या युद्धाने तो पुरवठा तुटला. पुढे कृत्रिम थायमॉल आले आणि ओव्याची ती मोठी मागणी सरली. आज थायमॉल मधमाशांच्या पेट्यांत व्हॅरोआ नावाच्या परजीवीवर वापरतात, आणि लिस्टरिनसारख्या चूळ भरायच्या औषधात ०.०६४ टक्के एवढ्या अल्प प्रमाणात असते. साठ ग्रेनवरून इथवर.

मेंथॉलची तऱ्हा निराळी. त्याचे नाव झालेले काम जंतूंवर नव्हे, आपल्या मज्जातंतूंवर चालते. थंडी ओळखणारे टीआरपीएम-८ हे प्रथिन २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधले. स्पर्श आणि तापमान ओळखण्याच्या यंत्रणेवरील कामासाठी दोघांना २०२१ चे नोबेल मिळाले. मेंथॉल या प्रथिनाचे दार उघडते आणि मेंदूला निरोप जातो की गारवा आला. त्वचेचे तापमान तेवढेच असते. सर्दीत अमृतधारा हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, तेही याच वाटेने. कार्डिफचे रॉन एक्ल्स यांनी १९८३ मध्ये नाकातल्या हवेचा अडथळा मोजून पाहिला. मेंथॉलने तो कमी झाला नव्हता, फक्त हवा मोकळी जात असल्याची जाणीव वाढली होती. रात्री झोप लागायला ही जाणीवही पुष्कळ असते, म्हणून तिला कमी लेखू नये.

पोटातल्या कळेवर मात्र मेंथॉल प्रत्यक्ष उपयोगी पडते. आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियम शिरण्याच्या वाटा ते अडवते आणि स्नायू सैल पडतात. जठरात न विरघळणाऱ्या वेष्टनातल्या पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल चिडखोर आतड्याच्या विकारात द्याव्यात, अशी सौम्य शिफारस अमेरिकेच्या जठरांत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये केली. बत्ताशावर अमृतधारेचे दोन थेंब देणाऱ्या पिढ्यांच्या अनुभवात तथ्याचा एक धागा होता तो असा. कॉलरा, विंचू, दाढ, डोके, सगळ्यांवर एकच बाटली हा दावा मात्र जाहिरातीचा.

ती जाहिरात सुरू झाली लाहोरला. पंडित ठाकूर दत्त शर्मा यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हे औषध विकायला काढले. फाळणीनंतर कारखाना देहरादूनला आला. दरम्यान १९२३ पासून कानपूरची ‘लक्ष्मणधारा’ बाजारात होती. दोन धारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६२ मध्ये निकाल लागला. सामान्य बुद्धीच्या, अर्धवट आठवणीवर खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाची या नावांनी फसगत होऊ शकते, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही इतकी वर्षे अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली नव्हती, म्हणून लक्ष्मणधारेची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती राखली. व्यापारचिन्हांचा कायदा शिकणारे विद्यार्थी आजही हा खटला वाचतात.

राहिला कापूर. त्याच्यावर एक पूर्ण हप्ता लिहायचा आहे. फोर्मोसाच्या जंगलांतल्या कापरावर १८९९ पासून जपानी सत्तेची मक्तेदारी, नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून बनलेले सेल्युलॉइड आणि त्याच्या फितीवर चित्रित झालेला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून कारखान्यात बनणारा आजचा कापूर, हे सारे दोन परिच्छेदांत कोंबणे योग्य नव्हे. पण कापराची एक गोष्ट पुढे ढकलता येत नाही, कारण अमृतधारेची बाटली पुष्कळ घरांत देवघराच्या कोनाड्यात किंवा पलंगाजवळ उघडी सापडते.

सारख्या वजनाच्या अमृतधारेत तेहतीस टक्के कापूर असतो. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावते, त्यात कापूर दीड ग्रॅमच्या आसपास. दीड वर्षाच्या मुलाचा एक ग्रॅम कापराने मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८३ मध्ये अंगाला लावायच्या औषधांतही कापराचे प्रमाण अकरा टक्क्यांच्या वर नको, असे ठरवले. कापूर स्निग्ध पटलांतून झपाट्याने पसरतो आणि मेंदूपर्यंत पोचतो. काही मिनिटांतच झटके सुरू होऊ शकतात, कधी आधी काहीही लक्षण न दाखवता. मेंथॉलही तान्ह्या बाळांच्या नाकाखाली लावू नये, त्याच्या तीव्र वासाने लहान मुलाचा श्वास प्रतिक्षिप्तपणे अडकू शकतो. बाटली उंचावर, बूच घट्ट लावून आणि नाव लिहून ठेवावी, कारण आतला द्रव दिसतो पाण्यासारखा. मुलाच्या पोटात गेलाच, तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नये. ओकताना झटका आला तर द्रव फुप्फुसात जातो. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे, आणि आत तीन पदार्थ कोणते व किती आहेत ते डॉक्टरांना सांगावे.